पाच नंबरची बाटली

तू काय काम करतोस, असं काळूरामला कोणी विचारलं की तो आधी शर्टाच्या खिशावरचं विद्यापीठाचं चिन्ह नीट दिसेल असा वळायचा आणि मग म्हणायचा, "विद्यापीठात आहे." एवढंच. चिखलात उतरून खाडीचं पाणी बाटलीत भरतो, हे शब्द सोयऱ्याधायऱ्यांत त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. साखरपुड्याबिखरपुड्यात कोणी खोदून विचारलंच तर, "संशोधनाचं काम हाय, तुम्हाला नाय समजायचं," म्हणून तो पानाच्या ताटाकडे हात न्यायचा. आता माणसाने थोडी ऐट केली तर काय बिघडलं, असं कोणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण याच ऐटीपायी पुढे त्याला आरशात बघून दाढी करायचीही चोरी झाली.

ज्या संस्थेत तो होता ती विद्यापीठाची सागरी संशोधन संस्था. पसारा मोठा. मुख्य इमारत शहरात, लिफ्टची. पाण्याचा विभाग वेगळा, गाळाचा वेगळा, मासे-चिंबोऱ्यांचा वेगळा, आणि सगळ्यांचे आकडे जुळवून जाडजूड अहवाल छापणारा विभाग आणखी वेगळा. पण एवढ्या सगळ्या शहाण्या माणसांच्या पोटात घालायला पाणी आणायचं कुठून? तर खारबावजवळच्या खाडी केंद्रातून. पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या, एक फ्रीज, एक होडी आणि एक काळूराम. होडीवाला म्हणून लागला होता, पुढे क्षेत्र सहायक म्हणून कायम झाला.

दर अमावास्येला आणि पौर्णिमेला, दिवसाची ओहोटी पुरती लागली की होडी काढायची आणि खाडीतल्या ठरलेल्या पाच जागांवरून पाणी घ्यायचं. ओहोटीलाच का? तर भरतीचं पाणी सगळ्यांची पापं झाकतं. ओहोटीला नाल्यातून काय येतं ते उघडं पडतं. प्रत्येक जागेची बाटली वेगळी, तिच्यावर जागेचा नंबर. बाटलीत बुडबुडा राहता कामा नये. भरल्या भरल्या तिच्यात दोन औषधं सोडायची. पाण्यात प्राणवायू असला तर बाटलीत तपकिरी साका धरतो, नसला तर पांढरा. बाकीचं मोजमाप प्रयोगशाळेत होतं, पण खाडी श्वास घेते की नाही हे तिथल्या तिथे, अक्षर न शिकलेल्यालाही दिसतं. मग तक्त्यात वेळ, खोली, रंग, वास लिहायचा, खाली सही करायची, बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून शेअर रिक्षाने धामणकर नाक्याला न्यायच्या. तिथे संस्थेची गाडी घेऊन प्रयोगशाळेतला भूपेश उभा असायचा.

काळूराम या कामात तयार होता, खोटं कशाला बोला. खाडीकाठचाच पोर तो. पाणी तळहातावर घेऊन जिभेला लावायचा आणि खारटपणा सांगायचा. यंत्र मागाहून तेच म्हणायचं. पाणी विभागाच्या प्रमुख डॉक्टर निवेदिता मॅडम नव्या विद्यार्थ्यांना सांगायच्या, "शंका आली तर पुस्तक नंतर उघडा, आधी काळूरामना विचारा." आठ वर्षांत त्याच्या तक्त्यात एक रकाना रिकामा नव्हता.

पाचांपैकी चार जागा सोप्या. होडीत बसल्या बसल्या बाटली बुडवली की झालं. पाचवी मात्र राहनाळच्या पलीकडे, त्याच्याच पाड्याच्या बांधाखाली, जिथे रंगाईच्या कारखान्यांकडून येणारा नाला खाडीला मिळतो. ओहोटीला तिथे होडी पोचत नाही. होडी लांब रुतवून शे-सव्वाशे पावलं गुडघाभर चिखलातून जायचं आणि तसंच परत यायचं. तेही त्याला जड नव्हतं. जड होतं ते बांधावरचं गोडाऊन.

गोडाऊन चांगदेवचं, म्हणजे काळूरामच्या चुलतभावाचं. दोघांच्या बापजाद्यांची जमीन एकाच बांधाची. काळूरामच्या बापाने आपला वाटा फार आधी, कवडीमोल विकून टाकला. चांगदेवने धरून ठेवला आणि त्याच्यावर गोडाऊनांची रांग उभी राहिली. दारात दोन गाड्या, गळ्यात साखळी. वैर काही नव्हतं हो. पण एका घरातले दोन भाऊ, एक वर गेला आणि एक खाली राहिला, की खालच्याची मान उगाचच आखडते.

तिसऱ्या गोडाऊनची पूजा होती तो दिवस नेमका पौर्णिमेचा. भिंतीच्या आत मांडव, मांडवात अख्खी भावकी खुर्च्यांवर बसलेली. आणि भिंतीच्या बाहेर, पॅन्ट मांडीपर्यंत गुंडाळलेला काळूराम, एका हातात बाटली, कोपरापर्यंत काळा चिखल. चांगदेवने त्याला पाहिलं आणि मांडवातूनच हाळी दिली, "काय रं कालू! इद्यापीठात साहेब झालास म्हनं, न अजून निवट्याच धरतंस?"

निवट्या म्हणजे चिखलात सरपटणारे ते बोटभर मासे. मांडव खदखदून हसला. बायका हसल्या, पोरंटोरं हसली, जावई हसले. चांगदेवने काही वाईट मनाने म्हटलं नव्हतं. लगेच, "वर ये, जेवून जा," असंही ओरडला. काळूरामही हसला. हसत हसत बाटली भरली, हसत हसत औषधं सोडली आणि होडीत येऊन बसला तेव्हा त्याच्या कानांच्या पाळ्या जळत होत्या. जेवायला तो गेला नाही.

पुढच्या अमावास्येला चार नंबरचं पाणी भरून झालं आणि त्याने पाचकडे पाहिलं. भिंतीवर दोन-चार हमाल बसले होते, बाजूला चांगदेवची खुर्ची. काळूरामने तिथेच, चारवरच, दुसरी बाटली बुडवली आणि तिच्यावर पाच लिहिलं. एकदाच, असं मनाशी म्हणाला. चार आणि पाचमध्ये अंतर ते कितीसं! पाणी काय, इकडचं तिकडे जातंच की.

अरे बाबा, पाणी इकडचं तिकडे जात असतं तर पाच जागा कशाला नेमल्या असत्या? पण लाजेला कुठे अक्कल असते. एकदाचं दोनदा झालं, दोनदाचं दर खेपेला. पाचचं तापमान अर्ध्या अंशाने वाढवून लिहायचं, वासाच्या रकान्यात 'सौम्य' टाकायचं, हे त्याला आपोआप जमायला लागलं. खाडी पाठ होती ना, म्हणून खोटंही बिनचूक यायचं. फक्त भूपेश एकदा धामणकर नाक्याला पेटी घेताना हसून म्हणाला, "काळूरामभाऊ, तुमचे चार नंबर आणि पाच नंबर जुळे भाऊ आहेत काय हो? आकडे बघावे तर एकसारखे." काळूराम म्हणाला, "सख्खे नाहीत, चुलत असतील," आणि रस्त्यापलीकडची रिक्षा पकडायला पळाला. चोराच्या मनात चांदणं. त्या रात्री वैशालीने, त्याच्या बायकोने, ताटात वाढलेली मच्छी तशीच राहिली.

असे अठ्ठावीस महिने गेले. छप्पन्न बाटल्या.

आता पुतळाबाईचं सांगायला हवं, कारण खरा मार तिलाच बसला. पुतळाबाई काळूरामची चुलती, पण चांगदेवची आई नव्हे, दुसऱ्या घरातली. आई लवकर गेली तेव्हा याला हिनेच हाताशी धरला. चिखलात पाय कसा टाकायचा, बीळ जिवंत की रिकामं हे कसं ओळखायचं, सगळं हिने शिकवलं. वय सत्तरीच्या पुढे, पण अजून बांधाखाली उतरून चिंबोऱ्या धरायची आणि टोपलीत पाला घालून बाजारात नेऊन विकायची. मुलगा होता, सून होती, कोणी तिला उपाशी ठेवत नव्हतं. पण "हात चालतोय तवर आपलं आपन," हा तिचा हेका. काळूरामचा तिला भारी अभिमान. बाजारात गिऱ्हाईक नसलं की शेजारणीला सांगायची, "आमचा कालू खाडीचा डाक्टर हाय. बाटलीत पानी घेतो न खाडीला काय झालंय ते सांगतो."

खाडीला काय झालंय ते तिला डॉक्टरच्या आधी कळलं होतं. बिळातल्या चिंबोऱ्या मरून वर यायला लागल्या. तिच्या पायांना खाज सुटली, पाण्याला रंगाचा उग्र वास मारायला लागला. पाड्यातल्या लोकांनी मिळून सरकारी कचेरीत नाल्याविरुद्ध अर्ज केला, चाळीस सह्या-अंगठे, पहिला अंगठा हिचा. आणि सुनावणी दोन दिवसांवर आली असताना, नेमक्या अमावास्येच्या सकाळी, म्हातारी घमेल्यात पाच मेलेल्या चिंबोऱ्या घेऊन केंद्राच्या दारात उभी राहिली.

"कालू, माज्या बांदाची बाटली दाव," ती म्हणाली. "तपकिरी का पांडरी, तेवडं मना समजतं. तूच शिकवलंस."

बाटल्या नुकत्याच भरून आणल्या होत्या. काळूरामच्या हातात दोन क्षण होते. सांगता आलं असतं की काकी, ही तुझ्या बांधाची नव्हे. त्याने पेटी उघडली आणि पाच लिहिलेली बाटली तिच्यासमोर धरली. तपकिरी. चांगली गडद तपकिरी.

पुतळाबाईने बाटली उन्हात धरून फिरवून फिरवून पाहिली. मग घमेल्याकडे पाहिलं. "मंग ह्या कशानं मेल्या रं?" असं तिने विचारलं, पण त्याला नाही, स्वतःलाच. ती गेल्यावर त्याने नळाखाली हात धुतले, साबण लावून दोनदा धुतले, आणि आपण हे काय करतोय हे कळून तिथेच खाली बसला.

सुनावणी पाड्याच्या समाजमंदिरात झाली. कचेरीतले अधिकारी आले, संस्थेतर्फे निवेदिता मॅडम आल्या. पडद्यावर मॅडमनी आलेख दाखवला: पाच जागा, पाच रंगांच्या रेघा. "पाच नंबरला प्राणवायू ठीक आहे," त्या म्हणाल्या. "लोकांच्या तक्रारीशी हे जुळत नाही, मलाही आश्चर्य वाटतंय. पण गेल्या दोन-अडीच वर्षांत आकडा एकदाही फार खाली आलेला नाही." लोकांत कुजबुज झाली. एक जण उठून म्हणाला, "आकडं खोटं असतील!"

तेव्हा पुतळाबाई उभी राहिली. "खोटं कसं असंल?" ती त्याच्यावरच खेकसली. "पानी कोन काडतो? आमचा कालू काडतो. मी माज्या डोल्यानी बाटली बगितली, तपकिरी व्हती. पोरगा खाडीचं मीठ खाऊन मोठा झालाय, तो खाडीबद्दल खोटं बोलंल?" मग आवाज उतरला. "माजं नाकच म्हातारं झालं असंल. काडा माजा अंगठा."

जिचा पहिला अंगठा तिनेच काढून घेतल्यावर बाकीचे काय करणार! अर्ज तिथेच निकालात निघाला. काळूराम पडद्याच्या बाजूला प्रोजेक्टरची वायर धरून उभा होता. वायर धरायची काहीच गरज नव्हती, ती भिंतीत नीट बसली होती. धरती दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण जीभ? जीभ उचलली नाही. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि शेत कुंपणाची वाहवा करत होतं.

चार-सहा दिवसांनी तो चुलतीच्या घरी गेला तर पुतळाबाई ओट्यावर बसून चिंबोऱ्या ओढायची लोखंडी आकडी फडक्यात गुंडाळत होती. त्याला पाहून म्हणाली, "बरं झालं आलास. ही घेऊन जा. तुज्या हापिसात ठेव, नायतर भंगारात दे. मी आता बांदावर जायाची नाय."

"का गं काकी?"

"पानी चांगलं हाय म्हनतंस. मंग खोट माज्या हातातच असंल ना? हाताचं यश गेलं माज्या. देवीला कोंबडा बोलली, तरी नाय आलं." ती हे रडून सांगत नव्हती. गुडघा दुखतो हे सांगावं तशी सांगत होती. तिचे पाय समोर पसरलेले होते, पोटऱ्यांपर्यंत लाल चट्टे, त्यावर खोबरेल चोपडलेलं.

काळूरामने आकडी घेतली. गल्लीत वळला आणि भिंतीला टेकून हुंदके देऊन रडला. चांगला बावन्न वर्षांचा बाप्या, येणारेजाणारे बघत होते. त्या दिवशी मात्र कोण बघतंय याची त्याला पर्वा राहिली नाही. अठ्ठावीस महिने आधी राहिली नसती तर!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने निवेदिता मॅडमना फोन करून केंद्रावर बोलावलं. त्या आल्या, त्यांच्यासमोर त्याने तक्त्यांची फाईल ठेवली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. चांगदेवची हाळी सांगितली, मांडवातलं हसणं सांगितलं. सांगताना त्याला आणखीच लाज वाटली, कारण मोठ्याने बोलल्यावर ते किती फुसकं कारण होतं ते त्यालाच ऐकू आलं.

मॅडमनी फाईल पुढे ओढली. मग एवढंच विचारलं, "कुठल्या तारखेपासून?"

"पूजेनंतरच्या अमावास्येपासून. सगळ्या. एक पण खरी नाही."

त्यांनी पेन काढलं आणि पाच नंबरच्या ओळीवर रेघ मारायला लागल्या. एकेक तक्ता उलटायचा, एकेक रेघ. छप्पन्न रेघा मारून होईपर्यंत काळूराम समोर उभा होता. "हे आकडे माझ्या नावाने छापून गेलेत, काळूराम," त्या शेवटी म्हणाल्या. "आता मला पत्र लिहून सांगावं लागेल की मागे घ्या. आणि अर्ज पुन्हा उभा करायचा तर निदान वर्षभराचे नवे आकडे लागतील. तोवर त्या नाल्यातून जे येतंय ते येतच राहणार." मग त्या म्हणाल्या, "मीसुद्धा इतक्या वर्षांत एकदाही पाच नंबरवर चालत आले नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या. पण म्हणून तुमचं कमी होत नाही."

तो म्हणाला, "नाय होत, मॅडम."

संस्थेत चौकशी झाली. तीन जणांची समिती, लेखी ताकीद, नोकरीच्या कागदावर कायमचा शेरा. स्वतःहून सांगितलं म्हणून काढून टाकला नाही. आणि नवा नियम आला: तक्त्यात सहायकाच्या सहीशेजारी आणखी एक रकाना, काठावरच्या साक्षीदाराचा. प्रत्येक जागेला गावातलं कोणीतरी हजर हवं, आणि त्याने सही केल्याशिवाय बाटली प्रयोगशाळेत घ्यायची नाही. पाच नंबरला साक्षीदार कोण, हे काळूरामनेच जाऊन विचारायचं होतं.

पुतळाबाईला त्याने ओट्यावर बसूनच सांगितलं. ती ऐकत होती. मध्येच तिने हात वर केला. "त्या दिवशी मना दाकवलीस ती बाटली?"

"चारची व्हती, काकी."

"तवा तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

शिव्या देईल, चार लोकांत उभा करील, असं धरूनच तो आला होता. तेवढं केलं असतं तरी बरं वाटलं असतं. म्हातारी आपल्या पायांवरचे चट्टे खाजवत राहिली. मग म्हणाली, "मी माज्या नाकाला खोटं पाडलं रं. चार मान्सांत पाडलं. तुज्यापायी." आणि उठून आत गेली. चहा आला नाही. त्या घरात चहा न मिळण्याची ती पहिलीच वेळ. साक्षीदाराच्या अंगठ्याचं विचारायचं राहूनच गेलं, आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन त्याने ते सुनेकडे निरोप म्हणून ठेवलं.

पुढच्या अमावास्येला, सकाळच्या लख्ख उन्हात, काळूरामने पाच नंबरला होडी रुतवली. भिंतीवर हमाल होते, खुर्चीत चांगदेव होता. पाड्यात आता सगळ्यांना सगळं कळलेलं. कोणी हसलं नाही, आणि न हसणं हसण्याहून वाईट लागतं हे त्याला त्या सव्वाशे पावलांत कळलं. पाणी भरलं, औषधं सोडली. साका धरला तो पांढराफेक, दुधासारखा.

तो बांधावर चढला तर पुतळाबाई तिथे उभी होती. त्याने आधी आकडी तिच्यापुढे धरली. ती तिने घेतली, कमरेला खोचली. मग त्याने बाटली पुढे केली, शाईचा डबा उघडला, तक्ता तिच्यासमोर धरला. पांढरा साका तिला दिसत होता. तिचं नाक खरं होतं, तिचा हात खरा होता, याचा पुरावा त्या बाटलीत होता. पण ती बाटलीकडे बघत नव्हती. ती त्याच्या पायांकडे बघत होती. खाली वाकून तिने त्याच्या पोटरीवरचा चिखल बोटाने खरवडला, नाकाला लावून हुंगला, आपल्याच बांधाचा आहे ना ते पाहिलं. भिंतीवरून अख्खं गोडाऊन बघत होतं. तो मान खाली घालून उभा राहिला.

मग तिने अंगठा दिला.

तेव्हापासून दर पंधरवड्याला असंच चालतं. नव्या आकड्यांचं वर्ष पुरं व्हायला अजून पाच महिने आहेत. ती वेळेवर बांधावर येते, त्याच्याशी बोलत नाही. बाटली तपकिरी असो की पांढरी, अंगठा देण्याआधी म्हातारी वाकते आणि त्याच्या पायाचा चिखल हुंगते.